नैवेद्याआधीची चव

अक्कांच्या द्राक्षासवाला माणसाची जीभ लागत नाही, हे सगळ्या गंगावेशीला माहीत होतं. माहीत कसं नसणार, अक्काच सांगत असत. बाळंतिणीसाठी बाटली न्यायला आलेल्या बाईला त्या आधी बाहेरच्या सोप्यात उभी करत आणि म्हणत, "नवमीला घटापुढं नैवेद्य दाखवल्याशिवाय या घरात कुणी थेंब चाखत नाही. करणारीसुद्धा नाही." बाई दोन्ही हातांनी बाटली घेई आणि घरी जाऊन आधी देवापुढं ठेवी. अक्कांचे वडील वैद्य होते. त्यांच्या काळी हेच आसव नुसतं औषध होतं. वडील गेले आणि विधवा होऊन माहेरी आलेल्या अक्कांनी त्याचा प्रसाद करून टाकला. औषधापेक्षा प्रसादाचा मान मोठा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पण मनुका, गूळ आणि धायटीची फुलं यांना नैवेद्याशी काही देणंघेणं नसतं. ती बुधल्यात आपल्या मनानं आंबतात. बुधल्याला आतून तूप चोळायचं, धुरी द्यायची, काढा ओतायचा, तोंडाला मातीत भिजवलेलं कापड बांधून तो भाताच्या तुसात पुरायचा, इथवर सगळं हाताचं काम. पुढं कान लावून ऐकायचं. आतली खदखद थांबली की पेटती काडी तोंडाशी धरायची, आणि ती विझली तर अजून थांबायचं. हे सगळं अक्कांना येत होतं. मात्र आसव नीट उतरलंय की आंबटाकडं झुकलंय, आज गाळायचं की आणखी ठेवायचं, हे कानाला कळत नाही आणि काडीलाही कळत नाही. ते फक्त जिभेला कळतं, आणि वेळ चुकली तर अख्खा बुधला मोरीत ओतावा लागतो.

ती जीभ घरातच होती. अक्कांच्या धाकट्या भावाची, बंडूची.

वडिलांनी ती फार लवकर हेरली होती. आसवात बुडवलेलं बोट ते लहानग्या बंडूच्या जिभेवर टेकवत आणि विचारत, "काय म्हणतंय?" पोर डोळे मिटून सांगे, "गोड आधी, तुरट मागनं." वडील खूश होत, आल्यागेल्यापुढं त्याला उभं करून चाखायला लावत, आणि पोराची जीभ म्हणजे सोनाराचा काटा आहे म्हणून मिरवत. त्या बोटाचा पुढं पेला झाला आणि पेल्यामागोमाग पंचगंगेकाठची हातभट्टी आली. तेव्हा दारूबंदी होती, म्हणजे दारू मिळवायला चार पावलं जास्त चालावं लागे, एवढंच. बंडू पक्का दारुडा झाला तेव्हा सगळ्या घरानं कपाळाला हात लावला, आणि आपल्या घराण्यात दारूचा थेंब कधी शिरला नाही, हे वरच्या पट्टीत सांगायला सुरुवात केली.

बंडूची कारकुनी गेली ती गेलीच. पण खरं घर मोडलं ते रंकाळ्यावर. एका संध्याकाळी तो आपल्या चार वर्षांच्या लेकीला, छबूला, हात धरून रंकाळ्यावर फिरायला घेऊन गेला आणि एकटाच परत आला. पोरगी कुठंय म्हणून बायकोनं, पद्मजानं, विचारलं तेव्हा त्याला आठवेना की आपण पोरीला नेलं होतं. तळ्याच्या पायऱ्यांवर रडत बसलेल्या छबूला एका परटानं अंधार पडता पडता घरी आणून सोडलं. पद्मजानं आरडाओरडा केला नाही. सकाळच्या एस्टीनं ती पोरीला घेऊन नेसरीला माहेरी गेली.

चैत्रात तिचा थोरला भाऊ वसंत आला. तो मास्तर, बोलायला मऊ आणि आतून पक्का. त्यानं बंडूला जोतिबाच्या डोंगरावर नेलं, देवापुढचा गुलाल मुठीत धरायला लावला आणि शपथ घ्यायला लावली. खाली उतरताना तो म्हणाला, "बंडोपंत, नवरात्रात मी येतो. तुमच्या तोंडाला वास नसला तर पद्मजा तुमची, पोरगी तुमची. नेसरीच्या सोसायटीत लिहिण्याचं काम बघून ठेवलंय, तिकडंच बिऱ्हाड करा. वास आला तर मात्र पुन्हा तोंड दाखवू नका."

आणि बंडूनं सोडली. लोकांना वाटतं दारू सोडणं म्हणजे मनाचा निश्चय वगैरे असतो. बंडूला हातपाय कापणं, अंथरुणात लघवी होणं आणि भिंतीवर मुंग्या दिसणं एवढंच आठवत होतं. पण त्यातून तो निघाला. घरात त्याचं कौतुक झालं म्हणावं, तर तसं काही नाही. त्याचं पान बाहेर पडवीत मांडलं जाई, आपलं ताट त्यानं आपणच घासायचं आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. "बाटलेलं माणूस," अक्का म्हणत, अगदी तो ऐकत असताना. थोरले भाऊ नृसिंहराव कचेरीत हेडक्लार्क होते. ते कुणाच्याच बाजूनं काही बोलत नसत आणि त्यालाच शांत स्वभाव म्हणत. बंडू सगळं गिळत होता. छबू आली की तिला पुन्हा रंकाळ्यावर न्यायचं आणि हात धरून परत आणायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

घट बसले त्या दिवशी अक्कांनी त्याला परसात हाक मारली. त्यांच्या हातात लांब दांड्याची पळी होती.

"हात पुढं कर."

बंडूला वास आला आणि तो दोन पावलं मागं सरला. "अक्का, माझ्याकडनं नको. जोतिबाचा गुलाल उचललाय मी."

"हे औषध आहे की. बाळंतिणी पितात. औषधाला कसली शपथ?"

"मग तूच चाख."

"मी सोवळ्यात. देवीच्या आधी मी चाखू होय?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "तुझी जीभ बाटलेलीच आहे, तिला आणखी काय व्हायचंय? वरनं ओततेय. भांडं तुला शिवत नाही, ओठ भांड्याला लागत नाही, म्हणजे कुणी चाखलं असं होतच नाही."

बंडूनं माजघराच्या खिडकीकडं पाहिलं. नृसिंहराव तिथं पंचांग घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "बसून खातोस ना," ते म्हणाले, "एवढं तरी कर तिचं."

बंडूनं ओंजळ पुढं केली. अक्कांनी वरून धार सोडली, भिकाऱ्याला पाणी घालतात तशी. "गिळू नकोस हं," त्या म्हणाल्या. "आम्हाला काही तुला पाजायचं नाही."

त्यानं ते तोंडात घेतलं. सगळं तोंड, घसा, छाती जागी झाली आणि आत कुणीतरी गीळ गीळ म्हणून ओरडू लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं मोरीत थुंकलं, भिंतीला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "गूळ अजून कच्चा लागतोय. राहू दे."

"बघ," अक्का म्हणाल्या, "जमतंय की तुला."

पाचव्या माळेला पुन्हा बोलावलं. पुन्हा त्यानं चाखलं, थुंकलं आणि अजून थोडं थांब म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा दुपारभर तो पडवीत गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला. पण संध्याकाळी त्याला चक्क अभिमान वाटला. तोंडात घेऊन ज्याला थुंकता येतं, त्याला आता कुणाची भीती, असं वाटलं. बिचाऱ्यानं हे अक्कांना बोलूनही दाखवलं. "आता नेसरीला गेलो तरी काळजी नाही, अक्का."

अक्का वाती वळत होत्या. "जाशील रे," त्या म्हणाल्या. "आणि मग माझं आसव कोण बघणार?"

बंडू हसला. त्याला वाटलं, बहिणीनं कितीतरी वर्षांनी आपलं कौतुक केलं.

नवमीच्या सकाळी घरात पुरणाचा वास भरला होता. वडणग्याची धोंडुबाई दूध घालून परसात चहा पीत बसली होती. अक्का सोवळं नेसून पळी घेऊन आल्या. धोंडुबाई बसली आहे हे त्यांनी पाहिलं, पण दूधवालीच्या डोळ्यांना त्या डोळे धरत नसत. बंडूनं ओंजळ पुढं केली. धार पडली. त्यानं ते जिभेवर फिरवलं, डोळे मिटले आणि मोरीत थुंकून टाकलं.

"उतरलंय," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "वडिलांच्या वेळचं उतरायचं तसं. आता गाळ, उशीर करू नकोस."

धोंडुबाई कपबशी विसळता विसळता म्हणाली, "बंडूदादा, चूळ भरा आदी. वास मारतोय बघा."

तो तांब्याकडं वळला, तेवढ्यात दाराची कडी वाजली. नृसिंहरावांचा आवाज आला, "या या वसंतराव, बसा. वेळेवर आलात."

बंडूनं भराभर चुळा भरल्या, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि सोप्यात गेला. वसंत पिशवी खाली ठेवत होता. त्याचा चेहरा हसरा होता. "बंडोपंत, तब्येत सुधारली की तुमची. कळवलं होतं मी, नवमीला जेवायलाच येतो म्हणून. नृसिंहरावांना निरोप पोचला होता ना?"

"पोचला होता तर," नृसिंहराव म्हणाले. "परवाच. अक्कानं पुरण घातलंय तुमच्यासाठी."

बंडूला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"पद्मजा आणि छबू स्टँडवर बसल्यात," वसंत म्हणाला. "म्हटलं, आधी आपण पुढं होऊन बघावं. छबू सारखी विचारतेय, बाबा माझा हात सोडणार नाहीत ना." असं म्हणत तो बंडूच्या खांद्यावर हात ठेवायला जवळ आला आणि थांबला. त्याचं हसू गेलं.

"तोंड उघडा," तो म्हणाला.

"वसंतराव, ऐका. अक्काचं आसव चाखलं मी. आत्ताच. चाखून थुंकलं. नवरात्रात तिसरी वेळ. एक थेंब गिळलेला नाही, जोतिबाची आण. अक्का, सांग की यांना."

अक्का दारात येऊन उभ्या होत्या. सोवळ्याचं लुगडं, कपाळ कोरं, हातात नैवेद्याची वाटी. त्यांनी बंडूकडं पाहिलं, मग वसंतकडं. खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. पण ते दोन शब्द आज रात्रीत गंगावेशीत फिरले असते, आणि उद्या प्रत्येक बाईनं विचारलं असतं की दारुड्यानं चाखलेलं आसव देवीला दाखवता होय.

"आसवाला?" अक्का म्हणाल्या. "माझ्या आसवाला याचा हात? वसंतराव, तुम्हाला माहीत आहे आमच्या घरची रीत. अजून नैवेद्य व्हायचाय. याच्या सावलीलासुद्धा मी बुधल्याजवळ येऊ देत नाही."

"वास घेऊन बघा," बंडू म्हणाला. "बुधल्याचा वास घ्या, वसंतराव. हाच वास आहे. माझ्या हाताला पण आहे."

वसंत खरोखर एक पाऊल पुढं झाला. माणूस न्यायी होता. अक्कांनी हात आडवा केला. "एस्टीतनं आलाय तुम्ही, पारोशा कपड्यानं. आत नका येऊ. नैवेद्य झाला की हवं तर बाटली हुंगा." आणि मग, जरा खाली मान घालून, जणू सांगणं जिवावर आलंय अशा आवाजात त्या म्हणाल्या, "वास तोच येईल म्हणा. गेल्या सालच्या बाटल्या माडीवर असतात. मला रोज एखादी हलकी वाटायची. म्हटलं, आपल्याच माणसावर आळ कसा घ्यायचा?"

"दादा," बंडू म्हणाला. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "दादा, तू खिडकीत होतास. तूच म्हणालास, एवढं तरी कर तिचं. सांग."

नृसिंहरावांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अक्का सोवळ्यात खोटं कशाला बोलेल?" ते म्हणाले.

मागच्या दाराशी धोंडुबाई दुधाची चरवी घेऊन उभी होती. बंडूनं तिच्याकडं पाहिलं. तिनं अक्कांकडं पाहिलं, चरवी डोक्यावर घेतली आणि निघून गेली.

वसंतनं पिशवी उचलली. त्याला राग आला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मला वाटलं होतं तुम्ही कराल," तो बंडूला म्हणाला. "पद्मजाला मी काय सांगू ते आता माझं मी बघतो. स्टँडवर येऊ नका. पोरीला तुमचा हा वास अजून आठवतो."

"जेवून तरी जा," अक्का म्हणाल्या. "पान मांडलंय."

"नको, अक्का."

"मग थांबा थोडं. सणाच्या दिवशी रिकाम्या हातानं कसं जाऊ देऊ." त्यांनी घटापुढं नैवेद्य दाखवला, आसव फडक्यातून गाळलं, बाटलीत भरलं आणि बूच घट्ट लावून ती वसंतच्या हातावर वरून सोडली. "पद्मजाला द्या. अशक्त झाली असेल पोर. रोज दोन चमचे, जेवणानंतर. प्रसाद आहे म्हणावं, कुणाची जीभ लागलेली नाही."

वसंतनं बाटली कपाळाला लावली आणि पिशवीत ठेवली. बंडू खांबाला धरून बघत होता. त्यानं चाखून पास केलेलं आसव त्याच्या बायकोला पोचणार होतं, आणि तो पोचणार नव्हता. दार लागल्यावर तो उंबऱ्यापर्यंत गेला, चप्पल पायात घातली, आणि छबू नाक दाबून आईच्या पदरामागं लपते आहे असं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्यानं चप्पल काढून ठेवली.

दुपारी अक्कांनी पडवीत त्याच्यापुढं पान आणून ठेवलं. वसंतसाठी मांडलेलं तेच पान, तीच पुरणपोळी, कडेला जमून पांढरं झालेलं तूप. "वाया कशाला घालवायचं," त्या म्हणाल्या. बंडूनं खाल्लं नाही. अक्कांनी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, धोंडुबाई दूध घालायला आली तेव्हा तो परसात बसला होता. ती त्याच्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला बोलता आलं न्हाई, बंडूदादा. लेकीला नववा लागलाय. पयल्या खेपेला तिला काय बी ठरत न्हवतं, अक्कांच्या आसवानंच उठली ती. मी त्वांड उघाडलं असतं तर मला पुन्यांदा बाटली कुनी दिली असती? मला शिव्या द्या, पर वाईट वाटून घिऊ नगा."

बंडूनं शिव्या दिल्या नाहीत. त्याला कुणाचाच राग येत नव्हता, आणि आपल्याला राग येत नाही याची त्याला स्वतःलाच भीती वाटत होती.

लोक सोनं लुटायला दसरा चौकाकडं निघाले होते. नृसिंहराव काळी टोपी घालून निघून गेले. अक्कांनी तुसात पुरलेला दुसरा बुधला उघडला, कान लावून ऐकलं, काडी धरली आणि पळी भरून परसात आल्या. आदल्या दिवशी काही झालं असावं असं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर त्या खुशीत होत्या. नाव राहिलं होतं, आणि जीभही घरातच राहिली होती. ती आता नेसरीला जाणार नव्हती, कुठंच जाणार नव्हती.

"हात पुढं कर," त्या म्हणाल्या.

बंडूनं ओंजळ पुढं केली. धार पडली. त्यानं ते तोंडात घेतलं, डोळे मिटले, आणि मोरीकडं वळला नाही. अक्कांना त्याच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली स्पष्ट दिसली.

त्यांनी रिकामी पळी उलटी करून झटकली.

"उतरलंय," बंडू म्हणाला. त्यानं पुन्हा ओंजळ पुढं केली.

अक्कांनी इकडंतिकडं पाहिलं. परसात कुणी नव्हतं. त्या आत गेल्या, पळी भरून आणली आणि दांडा उंच धरून, भांडं त्याला शिवणार नाही अशा बेतानं, त्याच्या हातात ओतली.